मिर्व्हेटक्सिमॅब: आधी ब्लॉक तपासा, मग डोळे

अंडाशयाच्या कर्करोगात कार्बोप्लॅटिन ही केमो संपून ६ महिन्यांच्या आत आजार उलटला तर पुढे काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. मिर्व्हेटक्सिमॅब या औषधाचा विचार जरूर व्हावा, पण आधी ऑपरेशनच्या वेळचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) शोधून त्यात फोलेट रिसेप्टर अल्फाची, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवरच्या एका प्रथिनाची, तपासणी करून घ्या. किमान ७५ टक्के पेशींवर मध्यम किंवा गडद रंग आला तरच हे औषध लागू पडतं. मिरासोल या औषध-चाचणीत नेहमीच्या केमोवर मध्यक (मीडियन) आयुर्मान पावणेतेरा महिने होतं, यावर साडेसोळा. माझ्या मते हा फरक मोलाचा आहे.

डोस दर ३ आठवड्यांनी किलोमागे ६ मिलिग्रॅम, पण काट्यावरच्या वजनावर नव्हे, समायोजित वजनावर (उंचीनुसारचं आदर्श वजन धरून काढलेल्या). उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो असेल तर हिशोब ५६.५ किलोवर, म्हणजे ३३९ मिलिग्रॅम. इथे चूक झाली की डोळ्यांना भोवते. औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, मिठाच्या सलाइनमध्ये कधीच नाही.

या औषधाने बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊन धूसर दिसतं, म्हणून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब डोसच्या आदल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत रोज ६ वेळा, पुढे आठव्यापर्यंत ४ वेळा. ओलाव्याचे थेंब त्यानंतर १० मिनिटं थांबूनच घाला, नाहीतर स्टेरॉइड धुऊन जातं.