टाइप १ आहे म्हणून पीटी बंद?

ताई, मुलाला टाइप १ मधुमेह निघाल्यापासून शाळा पीटीच्या तासाला बाकावर बसवते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या लेकीचंही हेच झालं होतं. ‘जबाबदारी कोण घेणार?’ हे पालुपद. डॉक्टरांचं पत्र नेलं, वर पाकिस्तानचा क्रिकेटपटू वसीम अक्रमचं उदाहरण दिलं (त्याला १९९७ मध्ये हाच आजार निघाला, खेळला २००३ पर्यंत), तेव्हा कुठे सर विरघळले.

आता ती खो-खो खेळते. मैदानात उतरण्याआधी बोट टोचून साखर बघायची. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासल्याशिवाय पळायचं नाही. हात थरथरले, घाम फुटला की साखर उतरली समजायचं आणि लगेच ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासणी.

खरी गोम रात्रीची. दमलेले स्नायू रिकामा झालेला साखरेचा साठा रात्रभर भरत राहतात, त्यामुळे रक्तातली साखर झोपेत उतरते. पहिल्या स्पर्धेच्या रात्री दोन वाजता पोर घामाने चिंब, साखर ५८! तेव्हापासून सामन्याच्या दिवशी झोपताना दूध-पोळी, आणि मी गजर लावून उठते. इन्सुलिन कमी करायचं का, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मुलगा खेळतो काय, ते लिहिलं नाहीत.