फीडरवर येणाऱ्या शिक्र्याचे छायाचित्र कसे घ्यावे?

प्रश्न

परसातल्या फीडरवर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या टांगत्या भांड्यावर) चिमण्या, मुनिया आणि बुलबुल नेमाने येतात, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून त्यांच्या मागावर शिक्रा हा लहान शिकारी पक्षीही येऊ लागला आहे. आधी खारीची चिकचिक सुरू होते, बुलबुल ओरडत झुडपात शिरतात, आणि लगेच राखाडी रंगाचे काहीतरी फीडरखालून सर्रकन निघून जाते; एवढ्या वेळात कॅमेरा डोळ्याला लावूनही होत नाही. माझ्याकडे १००-४०० मिमीची झूम लेन्स आहे आणि मी बंद खिडकीच्या काचेतून फोटो घेते. चाळीसेक फोटोंपैकी निम्म्यांत नुसती शेपटी आली आहे आणि बाकीच्यांत काचेवरचे माझेच प्रतिबिंब. एकदा तो कुंपणाच्या खांबावर चांगली दोन मिनिटे बसला होता, पण त्या फोटोत पोट पांढरेफटक पडले आणि छातीवरच्या तांबूस आडव्या रेघा पार पुसल्या गेल्या. सेटिंग काय ठेवावे, हे तर विचारायचे आहेच. पण दाणे मी घालते म्हणून चिमण्या येतात आणि चिमण्यांमुळे शिक्रा येतो, तेव्हा फोटोसाठी हे असेच चालू ठेवणे योग्य आहे का, हेही मनाला लागून राहिले आहे.

उत्तर १

झडप टिपण्याचा प्रयत्न तूर्त बाजूला ठेवावा, असे मला वाटते. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब असते. पानांच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि जमिनीलगत थोडेच अंतर वेगाने कापायचे, ही त्याची शिकारीची रीत. ते दृश्य एक-दोन सेकंदांत संपते, मात्र त्याआधी आणि नंतर तो बराच वेळ एका जागी बसतो. ती जागा शोधा. तीन-चार दिवस कॅमेरा हातात न घेता नुसते पाहा. एखाद्या फांदीखाली पांढरी विष्ठा आणि उपटलेली पिसे सापडली, तर ती त्याची ठरलेली बैठक समजावी.

अशी बैठक आडबाजूला असेल, तर खिडकीपासून सात-आठ मीटरवर अंगठ्याएवढ्या जाडीची, सालीसकट असलेली वाळकी फांदी उभारा. मागची झाडी फांदीपासून जितकी लांब असेल, तितकी पार्श्वभूमी मऊ येते. शिक्रा साधारण कबुतराएवढा, सुमारे ३० सेंमी लांबीचा असतो, त्यामुळे ४०० मिमीवर एवढ्या अंतरावरून तो फ्रेममध्ये नीट मावतो. उडण्याआधी तो पुढे झुकतो आणि पुष्कळदा विष्ठा टाकतो. ते दिसताच शटर दाबून धरावे. पक्षी वारा येतो त्या दिशेला तोंड करून झेप घेतात, म्हणून वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तेव्हा तो तुमच्याकडे झेपावण्याची शक्यता अधिक असते.

उत्तर २

पोट पांढरे पडण्याचे कारण सरळ आहे. चौकटीत गर्द झाडी जास्त आणि पक्षी लहान असला, की कॅमेरा सरासरी काढून सगळेच उजळ करतो आणि त्यात फिक्या पिसांतले बारकावे जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याचे सेटिंग) उणे ०.७ ते उणे १ ठेवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद पुरते. उड्डाणासाठी १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर हवे आणि त्यापायी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तरी वाढू द्यावा, कारण फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. फोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवून पक्ष्याच्या डोळ्यावर धरा. डोळा धूसर असलेला फोटो मी तरी ठेवत नाही.

काच दोन्ही बाजूंनी पुसून घ्या, खोलीतले दिवे बंद करा, गडद कपडे घाला आणि लेन्सचा हूड काचेला अगदी टेकवून लेन्स काटकोनात धरा. तिरकी धरल्यास प्रतिमा पसरट येते. तो यायच्या बऱ्याच आधी खिडकी उघडून ठेवता आली, तर सर्वांत उत्तम. फ्लॅश मुळीच वापरू नये.

उत्तर ३

पहिल्या उत्तरातली फांदीची कल्पना चांगली आहे, पण ती फीडरच्या शेजारी लावू नका, नाहीतर शिक्र्याला आयती मचाण मिळेल. तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल सांगायचे, तर शिक्र्याने लहान पक्षी मारणे हे त्याचे जगणेच आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. पण एकाच जागी रोज गर्दी जमवून ती त्याच्यासमोर उघडी ठेवणे टाळता येते. तो रोज येऊ लागला असेल, तर फीडर एक-दोन आठवडे काढून ठेवा. लहान पक्षी तेवढे दिवस इतरत्र चरतात. पुन्हा टांगताना फीडर खिडकीपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरपलीकडे असावा, कारण मधल्या अंतरावरून घाबरून उडालेले पक्षी काचेवर जोरात आपटतात. मांसाचे आमिष लावू नका, आणि तो भक्ष्यावर पंख पसरून बसला असेल तेव्हा बाहेर जाऊ नका. तो शिकार टाकून पळाला, तर त्याची सारी मेहनत वाया जाते.

ओळखही पक्की करून घ्या. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी रंगाने आणि उडण्याच्या ढबीने इतका शिक्र्यासारखा असतो, की लहान पक्षीही फसतात. चोच पाहा: शिक्र्याची आखूड व आकडीसारखी, पावशाची बारीक व सरळसर.

प्रश्नकर्तीचे उत्तर

फीडर बारा दिवस काढून ठेवला होता. फांदी आठ मीटरवर, फीडरच्या विरुद्ध कोपऱ्यात उभारली. पहिले आठ दिवस तिच्यावर फक्त कोतवाल बसला. काल सकाळी मात्र शिक्रा आला, मागे वळून पाहिले आणि सहा मिनिटे पिसे साफ करत राहिला. उणे ०.७ वर छातीची एकेक रेघ मोजता येते. डोळा लालभडक आहे, म्हणजे हा प्रौढ नर असावा, आणि चोचीच्या कडेला बुलबुलाचे एक करडे पीस चिकटलेले आहे. फीडर आजपासून काचेपासून दोन फुटांवर टांगला आहे; दुपारपर्यंत मुनिया परतल्या.