केमोनंतर अकराव्या दिवशी ताप: बेळगावला पाठवण्याआधी पहिला डोस कोणता?

कणकुंबीकर:
एएमएल (रक्ताचा कर्करोग), कन्सॉलिडेशनचा (आजार आटोक्यात आल्यावरच्या केमोचा) अकरावा दिवस. ताप 101.2, बीपी 110/70. पांढऱ्या पेशी 900, न्यूट्रोफिल 20 टक्के, प्लेटलेट 18 हजार. वजन 52 किलो, क्रिएटिनिन 0.8. हातात पिक लाइन (हातातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली नळी). जांबोटीकडून बेळगाव, या पावसात दीड तास धरा. अँटिबायोटिकमध्ये पिप-टाझ (पिपरासिलिन-टाझोबॅक्टम) नाही, सेफ्ट्रियाक्झोन आणि अमिकासिन आहे. सेफ्ट्रियाक्झोन मारून पाठवू का?

टिळकवाडी_हिमॅट:
एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा) 180 भरतोय, डॉक्टर. पहिला डोस तासाभरात शिरेतून गेला पाहिजे, म्हणजे तुमच्याकडेच. पण नुसतं सेफ्ट्रियाक्झोन नको. स्युडोमोनास या जंतूला ते लागू पडत नाही आणि तो जंतू एका रात्रीत पेशंट गमावतो. 2 ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन द्या, लाइन सलाइनने धुवा, मग अमिकासिन 15 मि.ग्रॅ./किलो, म्हणजे 750 ते 800, 100 मिली सलाइनमधून अर्ध्या तासात. सेफ्ट्रियाक्झोन आरएलबरोबर (रिंगर लॅक्टेट सलाइन) सोडू नका, कॅल्शियममुळे साका बसतो. कमरेत इंजेक्शन तर मुळीच नको. 18 हजार प्लेटलेटवर तिथेच रक्त साकळेल. ताप गुदमार्गे बघू नका.

वॉर्डसिस्टर:
सर, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायचे नमुने) राहिलं. डोसआधी एक पिक लाइनमधून, एक दुसऱ्या हातातून, एकाच वेळी. प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा. लाइनची बाटली दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर संशय लाइनवरच. बाटल्या गाडीतून पेशंटसोबत द्या, फ्रिजमध्ये नाही. बाटल्याच नसतील तर डोस मात्र अडवू नका.

निपाणीकर:
पुढे बेळगावात थेट मेरोपेनेम (आणखी जोरदार अँटिबायोटिक)?

टिळकवाडी_हिमॅट:
सरसकट नाही. बीपी टिकून असेल तर पिप-टाझ 4.5 ग्रॅम दर सहा तासांनी. बीपी पडलं किंवा जुन्या रिपोर्टात ईएसबीएल (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) असेल, तर मेरोपेनेम 1 ग्रॅम दर आठ तासांनी. म्हणून जुनी फाइल गाडीत हवीच. आधी क्लेबसिएला जंतू एनडीएमवाला (मेरोपेनेमही निकामी करणारं एन्झाइम असलेला) निघाला होता का, हे तिथेच सापडतं. त्याला मेरोपेनेम पुरत नाही, एकटं सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टमही नाही; सोबत अझट्रिओनाम लागतं. व्हँकोमायसिन सवयीने लावतात, तेही उगाच. लाइनची जागा लाल, न्यूमोनिया, त्वचेचा संसर्ग किंवा बीपी कमी, तरच.

कणकुंबीकर:
बाटल्या दोनच होत्या, एक लाइनची, एक हाताची. दोन्ही औषधं गेली, अमिकासिन 750. फाइल नातेवाइकांकडे दिलीय.

वॉर्डसिस्टर:
रेफरल चिठ्ठीवर डोसची वेळ घाला, डॉक्टर. नाहीतर कॅज्युअल्टीत अमिकासिन पुन्हा चढेल.