लेकर्सचं खरंच किती नुकसान झालं?

२०११ च्या डिसेंबरमध्ये एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे) तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी न्यू ऑर्लीन्सच्या ख्रिस पॉलचा ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) अडवून लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाच्या हातातोंडाशी आलेला घास काढला, असं कुणीतरी म्हटलंय ते मान्य. पण 'नाहीतर दोन विजेतेपदं पक्की होती' हे जरा जास्तच होतंय. पॉलच्या बदल्यात लेकर्सचे पाव गॅसोल ह्यूस्टनला आणि लॅमार ओडम न्यू ऑर्लीन्सला जाणार होते, म्हणजे दोन मोठे खेळाडू एकदम गेले असते. मग आत बास्केटजवळ उरला असता एकटा अँड्र्यू बायनम, आणि त्याचे सतत दुखावणारे गुडघे!

स्टर्नवर राग काढण्याआधी आणखी एक. तेव्हा हॉर्नेट्सची (न्यू ऑर्लीन्सच्या संघाची) मालकी लीगकडेच होती, त्यामुळे नकार द्यायचा हक्क त्यांना होता. हितसंबंधांचा घोळ मात्र उघड होता. इतर मालक कुरकुरत असताना लीगनेच निर्णय द्यायचा, हे कुणालाही खटकणारच.

माझ्या मते यात खरं नशीब उजळलं ते ह्यूस्टनचं, तेही उशिरा. त्या सौद्यात ह्यूस्टनचा केविन मार्टिन न्यू ऑर्लीन्सला जाणार होता. सौदा फिसकटला, मार्टिन राहिला आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्यालाच ओक्लाहोमाला देऊन (सोबत जेरेमी लॅम आणि ड्राफ्टचे पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क) रॉकेट्सनी, म्हणजे ह्यूस्टनच्या संघानं, पुढे स्टार ठरलेला जेम्स हार्डन आणला. गॅसोल आला असता तर हार्डन मिळाला असता का? मला तरी वाटत नाही.

आणि पॉल? तो आठवड्याभरात लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे गेला. तिथे सहा हंगामांत कॉन्फरन्स फायनलसुद्धा (लीगची उपांत्य फेरी) नाही.