मदत हवी आहे: अंड्यांच्या ट्रेमधली टोमॅटोची रोपं माना टाकताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, फ्लॅटला एकच पूर्वेची खिडकी. मृग लागला तसं सात वर्षांची लेक आणि चार वर्षांचा धाकटा यांना घेऊन घरातच रोपं करायला घेतली. नवीन काही आणायचं नाही असं पोरीनं ठरवलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, वर्तमानपत्राच्या सुरळ्या असं सगळं जमवलं. माती सासरच्या शेतातली काळी, थोडं शेणखत घालून. आइस्क्रीमच्या काड्यांवर पोरीनं स्वतः नावं लिहिली.

टोमॅटो सहाव्या दिवशी उगवला. शाळेतनं आली की दप्तर टाकून पोरगी आधी खिडकीशी. चार दिवसांत रोपं बोटभर उंच झाली, पण पांढुरकी, किडकिडीत, सगळी काचेकडं वाकलेली. परवा सकाळी बघितलं तर सात आडवी. मातीला लागून देठ सुतासारखा बारीक झालेला, वरची दोन पानं मात्र अजून हिरवीगार. ट्रेच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशीही धरली आहे. मिरची बारा दिवस झाले तरी वर नाही.

पाणी रोज पोरगीच घालते. "आई, माझ्यामुळं मेली का गं?" असं विचारत होती. चूक मातीची, पुठ्ठ्याची की उन्हाची? आठ दिवसांत ऊन असं पडलेलंच नाही. या खेपेला तिच्या हातनं एक तरी रोप जगायला हवं, म्हणून विचारते.

प्रतिसाद १:
ताई, याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीमुळं होतं. काळी माती पाणी धरून ठेवते, पुठ्ठाही ओला राहतो, वर पावसाळी हवा. लेकीला सांगा, तिचं काही चुकलेलं नाही. पडलेली रोपं मातीसकट काढून टाका, ती माती परत वापरू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या. दुधाच्या पिशवीला तळाशी चार-पाच भोकं पाडा. पाणी वरनं नको, परातीत दोन बोटं पाणी घेऊन पिशव्या त्यात पंधरा मिनिटं ठेवा नि उचला. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पुन्हा. हे काम लेकीकडंच द्या, बोट लावून बघायला पोरांना आवडतं. किडकिडीत होतात ती उजेडाअभावी. साधा एलईडी दिवा रोपांच्या वर वीतभर अंतरावर बारा-चौदा तास लावा. मिरचीला पंधरा दिवसही लागतात, उकरू नका.

प्रतिसाद २:
धाकट्यासाठी घेवडा लावा. बी मोठं, चिमुकल्या हातात मावतं आणि पाच-सहा दिवसांत वर येतं. त्याला मूळ हललेलं चालत नाही, म्हणून कागदाच्या सुरळीतच लावा आणि सुरळीसकट कुंडीत ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. तुमचा निरोप पोरीला वाचून दाखवला, लगेच परात काढून बसली. ट्रे टाकून दिले, टोमॅटो पिशव्यांत पुन्हा पेरला. घेवडा धाकट्यानं लावला, चार सुरळ्या. एकच राहिलं, करवंटीतलं रोप करवंटीसकट पुरलं तर चालेल का?

प्रतिसाद १:
नको. करवंटी लवकर कुजत नाही, मुळं आत कोंडतात. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा नि मातीच्या गोळ्यासकट अलगद काढा. पण चार-पाच खरी पानं (बियातनं निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) आल्यावरच, आणि त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ गॅलरीत ठेवून.