मदत हवी आहे: टार्पनचा नक्की स्पॉट सांगा ('गाइड घ्या' सोडून)

घामाघूम
लोकहो, पटकन सांगा. टार्पन (तो मोठा, हवेत उड्या मारणारा मासा) गळाला लावायचाय, कोस्टवर नक्की कुठे जाऊ? यूट्यूबवर सगळे 'पासच्या तोंडाशी' (पास म्हणजे खाडी समुद्राला मिळते ती वाट) एवढंच म्हणतात आणि मागचा किनारा ब्लर करून टाकतात. परवा गेलो होतो, एक गाइड पाहुणे घेऊन चालला होता, थोडं अंतर ठेवून त्याच्या मागे मागे गेलो तर पठ्ठ्याने बोट थांबवून असा आवाज चढवला की सासऱ्यांसमोर शोभा झाली. पाणी काय त्याच्या बापाचं आहे? मासे चहूकडे वर येत होते, आमच्या गळाला एक नाही. गाइडचे रेट बघितलेत, ते सांगू नका. पिन टाका, व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल. अर्जंट आहे.

चिंबोरी
अरे पण खंय गेल्लंस ता तरी सांग मेल्या. कोस्ट म्हणजे कुठला, टेक्सास, फ्लोरिडा, कोस्टारिका? महिना कुठला, बोट कुणाची, आमिष काय लावलंस? काहीच नाही आणि म्हणे पिन टाका.

टेक्सासचा पाहुणा
टेक्सास असेल तर पोर्ट अरान्सासला जा. त्या गावाचं नावच एके काळी टार्पन होतं. तिथे टार्पन इन नावाचं जुनं हॉटेल आहे, लॉबीच्या भिंतींवर पकडलेल्या माशांचे खवले लावलेत, प्रत्येकावर पकडणाऱ्याची सही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९३७ मध्ये आले होते, त्यांच्या सहीचा खवलाही आहे. एकेक खवला तळहाताएवढा. आम्ही गेलो तेव्हा मासा दिसला नाही पण कोळंबी फार छान मिळाली.

घामाघूम
फ्लोरिडा हो, ऑबव्हियसली. राहतो ओरलँडोला. बोट भाड्याची. बोका ग्रांडेला गेलो होतो. आता सांगा.

खारा वारा
ऑबव्हियसली काय, धाग्यात कुठेच नव्हतं. असो. बोका ग्रांडे पास हा स्पॉटच आहे, यापेक्षा नक्की काय सांगणार? एप्रिल ते जुलै, त्यातही मे-जून. शार्लट हार्बरचं बरंचसं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं आणि मासे तिथे जमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दुपारनंतर जोराची ओहोटी लागली की लहान लहान खेकडे वरच्या पाण्यात वाहत येतात आणि मासे ते वरच्या वर टिपतात, त्याला तिथले लोक हिल टाइड म्हणतात. म्हणजे जागा सगळ्यांना माहीत आहे, वेळ कळायला हवी. तू किती वाजता होतास?

आणि अँकर टाकला होतास का? खरं सांग.

घामाघूम
सकाळी अकराच्या सुमारास. अँकर मध्ये टाकला थोडा वेळ, बोट वाहून जात होती म्हणून.

खारा वारा
झालं. पासच्या मधोमध अँकर टाकलास तर तो गाइड ओरडणार नाही तर आरती करणार? तिथे सगळ्या बोटी करंटबरोबर एका दिशेने वाहत जातात, ड्रिफ्ट संपला की बाहेरच्या कडेने हळू वळसा घालून परत वर येतात आणि ओळीत मागे लागतात. मध्ये कुणी उभा राहिला की मागच्या सगळ्यांचा ड्रिफ्ट गेला. कुणाला मासा लागला तर बाकीच्यांनी दोऱ्या वर घेऊन वाट द्यायची. हे कुठे लिहिलेलं नसतं.

शंकासुर
हा सगळा माज आहे. समुद्र सार्वजनिक आहे, गाइडने सातबारा काढलाय का? मी दहा फुटांवरून गेलो तरी कुणी का अडवावं? आपले लोक परदेशात गेले की उगाच दबून राहतात.

चिंबोरी
शंकासुर, आमच्या देवगडला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असताना मधून बोट घालून बघ, मग सार्वजनिक म्हणजे काय ते रापणकार समजावतील, तेही न ओरडता. गाइड मे-जूनच्या दीडदोन महिन्यांत वर्षाचं कमावतो. पाहुण्यांनी पैसे मोजलेत, थवा समोर आलाय, आणि मागून तुझं इंजिन. थवा बुडाला की लवकर वर येत नाही.

शंकासुर
रापणीचा काय संबंध? रापण पोटासाठी आहे, हे लोक मासा सोडूनच देतात. हौशी लोकांचा हौशी धंदा.

खारा वारा
सोडून देतात म्हणूनच मासा अजून आहे. फ्लोरिडात २०१३ पासून टार्पन कॅच अँड रिलीज आहे, ठेवायचाच असेल तर आधी सरकारी टॅग विकत घ्यावा लागतो आणि तोही रेकॉर्डच्या नादात असाल तरच. ४० इंचांच्या वरचा मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, फोटो पाण्यातच. वयात यायलाच त्याला दहाएक वर्षं लागतात आणि पन्नाशी ओलांडणारे असतात. शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियममधला एक ६३ वर्षांचा होऊन १९९८ मध्ये गेला. तुझ्या बोटीखालून गेलेला मासा तुझ्यापेक्षा मोठा असू शकतो, जरा मान ठेव.

सुगरण७२
टार्पन खातात का हो? आमच्या ह्यांना भरलेला मासा फार आवडतो. काटे जास्त असतात का?

चिंबोरी
ताई, फ्लोरिडात खायचा प्रश्नच नाही, वर वाचा. काटे मात्र ढीगभर. बोय आणा, ती तिथे मुलेट म्हणून सगळीकडे मिळते, तीच तळा.

घामाघूम
धागा हायजॅक करू नका प्लीज. सासरे जूनअखेर परत जाणार आहेत. देवगडला आयुष्यभर हातदोरीवर मासे मारलेत त्यांनी, इथे येऊन एक तरी मोठा लावायचा एवढंच म्हणणं आहे. वय ७१. भाड्याच्या बोटीवर माझ्याकडे कार्ड आहे, त्यांना लायसन्स लागतं का? ऑफिसमधला एक म्हणाला ६५ च्या वर लागत नाही.

वर्षाऋतू
नाही लागत. माझ्या बाबांना नव्हतं लागलं.

खारा वारा
तुझे बाबा फ्लोरिडाचे रहिवासी असतील. ६५ ची सूट फक्त राज्याच्या रहिवाशांना आहे. सासरे व्हिजिटर, त्यांना नॉन-रेसिडेंट सॉल्टवॉटर लायसन्स, तीन दिवसांचं १७ डॉलर, सात दिवसांचं ३०, वर थोडी फी. ऑनलाइन पाच मिनिटांत निघतं. गाइडच्या बोटीवर गेलात तर चार्टरच्या लायसन्समध्ये सगळे पाहुणे येतात, वेगळं काढावं लागत नाही. घामाघूम, तुझा जन्म १ जानेवारी १९८८ ला किंवा त्यानंतर झाला असेल तर बोट चालवायला बोटर सेफ्टी आयडी लागतो, कार्ड म्हणजे तेच ना? की क्रेडिट कार्ड?

घामाघूम
तेच. एवढा पण नवशिका नाही मी.

वर्षाऋतू
बोट कशाला? टॅम्पा बेच्या तोंडाशी स्कायवे पियरवर (मासेमारीच्या धक्क्यावर) जा. गाडी थेट पियरवर घेऊन जाता येते, सासऱ्यांना खुर्ची टाकता येते, सावलीला गाडी, बाथरूम जवळ. आणि पियरच्याच लायसन्समध्ये सगळे येतात, तुमचं वेगळं लागत नाही. गाडीचे आणि माणशी थोडे पैसे घेतात. पेलिकन दोऱ्यांत अडकतात म्हणून नियम कडक केलेत, तिथे नियमित मासेमारी करायची तर ऑनलाइन कोर्स आहे, जायच्या आधी बघून घ्या. टार्पन तिथूनही जातात, आमच्या शेजाऱ्याला लागला होता.

खारा वारा
लागला होता आणि आला होता का? पियरवरून टार्पन खांबांना दोरी गुंडाळतो, शिवाय मोठे शार्क टपलेले. लागल्यावर दोन उड्यांत सुटला तर मजा आली म्हणायचं, बाकी काही नाही. म्हाताऱ्या माणसाला ते चालेल का, हे त्यांनाच विचारा.

चिंबोरी
आता सासरे माझ्या गाववाले निघाले म्हणून सिरियसली सांगतो. स्पॉट मागू नकोस, एक दिवस माग. एकच दिवस गाइड घे, अर्ध्या दिवसाची ट्रिप, मेच्या शेवटाला उधाण बघून. रेट जास्त वाटत असेल तर दोन माणसं अजून जोड, इथेच कुणी तयार होईल. जाताना सासऱ्यांना बोलू दे, भाषा येत नसली तरी पाण्याकडे बघायची पद्धत बघून तो ओळखेल. मग परत येताना सरळ विचार, आम्ही आमच्या बोटीने आलो तर कुठे उभं राहिलेलं चालेल? बहुतेक जण सांगतात. आणि त्याने दाखवलेली जागा फोनमध्ये पिन करून इथे टाकलीस तर मी स्वतः संपादकांकडे तक्रार करीन. टीप १५-२० टक्के, ती विसरू नकोस.

शंकासुर
म्हणजे पैसे द्या आणि वर गुपित पण पाळा. वा.

चिंबोरी
हो.

खारा वारा
गाइडला पैसे देण्याचा दुसरा फायदा आमिषाचा. खेकडा कुठून जाळीने काढायचा, जिवंत कसा ठेवायचा, गळ कवचाच्या कोपऱ्यातून कसा घालायचा हे बघून शिकण्यासारखं आहे, व्हिडिओत ते दोन सेकंद दिसतं. घामाघूमने आमिष अजून सांगितलेलं नाही, मी वाट बघतोय.

घामाघूम
फ्रोझन कोळंबी.

खारा वारा
😐 जिवंत खेकडा, थ्रेडफिन हेरिंग, मुलेट किंवा पिनफिश. सर्कल हूक (टोक आत वळलेला गळ) लाव, जोरात झटका द्यायचा नाही, दोरी ताणली की नुसतं गुंडाळत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सासऱ्यांना हातदोरीची सवय आहे म्हणजे झटका देणारच, त्यांना आधी बजाव. ६५ पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी), पुढे गळाजवळ ६० ते ८० ची फ्लोरोकार्बन लीडर (दोरीचा मजबूत तुकडा). मासा हवेत उडाला की रॉडचं टोक त्याच्याकडे खाली झुकवायचं, दोरी सैल सोडायची, नाहीतर पडताना सगळं वजन लीडरवर येतं. आणि दमवत बसायचं नाही, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट. दमलेला मासा सोडला तरी शार्कच्या तोंडात जातो. हॅमरहेड शार्क दिसला तर दोरी मोकळी सोड किंवा तोड, मासा जगू दे, फोटो गेला खड्ड्यात.

वर्षाऋतू
अवांतर: बायको-मुलांना कंटाळा येत असेल तर दक्षिणेकडच्या फ्लोरिडा कीज बेटांवर इस्लामोराडाला रॉबीज मरिनावर हाताने टार्पनना मासे भरवता येतात. बादलीभर छोटे मासे विकत मिळतात, धक्क्यावर आडवं पडून हात खाली करायचा. अंगठी काढून ठेवा. मोठाले टार्पन गाईसारखे वाट बघत असतात आणि पेलिकन तुमच्या हातातलं पळवतात. ओरलँडोहून लांब आहे पण.

निवांत
कॅनॉलमध्ये आणि गोल्फ कोर्सच्या तळ्यात पण लहान टार्पन असतात, माझ्या घराजवळ एका पुलाखाली रात्री दिव्याच्या सावलीच्या रेषेवर कोळंबीवर उठतात. हलकी रॉड पुरते. जागा सांगणार नाही, ती पिल्लं आहेत. बोनफिश अँड टार्पन ट्रस्ट या मासे वाचवणाऱ्या संस्थेवाले अशा जागा लोकांकडून मागवून घेतात, पण तेसुद्धा जाहीर करत नाहीत.

घामाघूम
तळ्यात सासऱ्यांना काय मजा येणार. बरं, गाइडचं बघतो. पण तो परवाचाच भेटला तर?

चिंबोरी
तर बरंच की. ओळख झालेलीच आहे. 'सॉरी कॅप्टन' म्हण आणि सासऱ्यांना पुढे बसव. मे अखेरच्या उधाणाला बोटीत एक जागा मलाही धर, मी टॅम्पाहून येतो, माझा वाटा देतो. व्यनि कर.

शंकासुर
दोन जागा धर.