रोज बायबल वाचणं म्हणजे 'हजेरीपट'? मला हे पटलेलं नाही

ओलीवाट
परवा सरळरेघ यांनी लिहिलं की रोज बायबल वाचणं म्हणजे देवाच्या दारात हजेरी लावणं. ओढ वाटेल तेव्हाच उघडावं, नाहीतर कपाटात राहू द्यावं. दोन दिवस गप्प बसले, पण राहवेना.

ओढ वाटेल तेव्हा वाचणारा माणूस काय वाचतो? २३वं स्तोत्र. ९१वं. फार तर पहिल्या करिंथकरांसच्या पत्राचा तेरावा अध्याय. मी सहा-सात वर्षं तेच केलं. माझ्याशी गोड बोलणारी पानं मळली, बाकीची कोरीच राहिली. ८८व्या स्तोत्रापर्यंत कधी पोचलेच नाही, कारण ते कोणी आवडीनं उघडत नाही. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात; हे वळत नाही, अंधारातच संपतं. नंतर रोज क्रमानं वाचायला लागले. माझं बाळ पोटातच गेलं त्या आठवड्यात, त्या क्रमामुळे, नेमकं तेच समोर आलं. पलंगाच्या कडेला बसून मोठ्यानं वाचलं. त्या आठवड्यात मला 'धीर धर' न म्हणणारं ते एकटंच होतं. ओढीवर सोडलं असतं तर ते पान मला सापडलंच नसतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते, उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, धरू नका. १,१८९ अध्याय आहेत, म्हणून लोक दिवसाला तीनचा हिशेब करतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० तीस दिवसांत होतात, एकतिसाव्या दिवशी लेवीय हे तिसरं पुस्तक उभं राहतं. त्याच्या तेराव्या अध्यायात त्वचेच्या चट्ट्यांवर ५९ वचनं आहेत आणि खूणपट्टी तिथेच अडकते. मार्क, म्हणजे मार्कनं लिहिलेलं येशूचं शुभवर्तमान, घ्या, १६ अध्यायांचं आहे. रोज एकच प्रसंग, मोठ्यानं, हातात पेन्सिल. मग लूक आणि लागलीच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली आहेत. एखादा दिवस चुकला तर दुप्पट वाचून भरपाई करू नका. जिथे थांबला होतात तिथून पुढे चला.

सरळरेघ
तुमच्या बाळाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

मी 'हजेरी' हा शब्द हवेतून काढला नव्हता. आमच्या रविवारच्या वर्गात खरीखुरी वही होती. आठवडाभर वाचलं तर निळी खूण, चुकलं तर लाल, आणि लाल खुणेची नावं सगळ्यांसमोर वाचली जात. घरी वडील ११९वं स्तोत्र पाठ करून घेत. १७६ वचनं! अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. मी दहा वर्षांचा होतो. आजही ते स्तोत्र ऐकलं की तळहाताला घाम येतो. देवाच्या नियमशास्त्रावर इतकं प्रेम करणारं दुसरं स्तोत्र नाही, आणि मला त्याची भीती वाटते. हे कुणाचं पाप?

आणि रोज वाचा असं लिहिलंय कुठे? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात नियमशास्त्र सगळ्या लोकांना वाचून दाखवायचं ते दर सात वर्षांनी. घरोघर छापील प्रत ही गुटेनबर्गनंतरची गोष्ट. त्याआधीची शेकडो वर्षं लोक विश्वासात जगले नाहीत का?

ओलीवाट
त्या वहीचं समर्थन मी कधीच करणार नाही. लेकराला सगळ्यांसमोर उभं करणाऱ्यांनी त्याच्यापासून एक अख्खं स्तोत्र हिरावून घेतलं.

पण अनुवाद ३१ दाखवता तर ६ पण दाखवा. घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना या वचनांविषयी बोलत जा, असं तिथे आहे. ते सात वर्षांतून एकदा होणारं नाही. बिरुया गावातले लोक शास्त्रलेख रोज तपासून पाहत आणि प्रेषितांची कृत्ये १७ त्यांचं कौतुकच करतं. मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, तोही रोजच वेचायचा होता (निर्गम १६). उरवून ठेवला त्यात किडे पडले.

सरळरेघ
सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचा आणि सातव्या दिवशी वेचायचाच नाही, हेही त्याच अध्यायात आहे. जे सातव्या दिवशी बाहेर पडले त्यांना काही मिळालं नाही. म्हणजे मान्नालासुद्धा सुट्टी होती.

तिसरीघंटा
तुमचं दोघांचं चालू द्या, पण खरा रोग वेगळाच आहे. रोज सकाळी फोनवर येणारं 'आजचं वचन'! सूर्योदय, गुलाब आणि खाली यिर्मया २९:११, तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत वगैरे.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते. चार दिवसांत अकरा जणांनी मला हे वचन पाठवलं. मी ते वचन धरून बसलो. बाहेरच्या बाकड्यावर पहाटे तीनला फोनच्या उजेडात तेच परत परत. पाचव्या दिवशी वडील गेले. त्यानंतर दोन वर्षं मी बायबलला हात लावला नाही.

मग एकदा रागानंच तो अध्याय काढला. अकराव्याच्या आधी दहावं वचन आहे आणि त्यात काय आहे? सत्तर वर्षं! यिर्मया या संदेष्ट्यानं, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे ते. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं चिंता. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची बातमी देतो आणि खोटा ठरतो. म्हणजे यिर्मया त्यांना सांगतोय की लवकर सुटका नाही. पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांनी परतीची वाट पाहिलीच नसणार. हे मला कोणी त्या रात्री सांगितलं असतं तर मी त्या बाकड्यावर वेगळा बसलो असतो.

पाणवठा
मी रोज वचन पाठवते. चाळीस-पन्नास जणांना, पहाटे साडेपाचला, गेली आठ वर्षं. एवढा राग कशाला? ज्यांना अध्याय वाचायला दृष्टी उरली नाही अशा बायका आहेत माझ्याकडे. एक तर अंथरुणाला खिळलेली होती, रोज 'आमेन' एवढंच लिहायची. एके दिवशी आमेन आलं नाही म्हणून मी तिच्या लेकाला फोन केला, तेव्हा ती पडलेली सापडली. आता सांगा मला सूर्योदय आणि गुलाब.

तिसरीघंटा
ती वाचली ती तुमच्या काळजीमुळे. संदर्भ तोडलेल्या वचनामुळे नव्हे. 'सुप्रभात' पाठवलं असतंत तरी वाचली असती.

पाणवठा
'सुप्रभात'ला ती आमेन म्हणाली नसती. तुमच्या वडिलांचं दुःख मी समजते, पण ते माझ्या माथी मारू नका.

माजघर
मूळ प्रश्न भाषेचा आहे, तो कोणी काढत नाही. आमच्या तरुणांच्या हातात जुन्या वळणाची प्रत देतात आणि मग ते वाचत नाहीत म्हणून रडतात. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम. शंभर वर्षांनी आपण परत अवघड भाषेला पवित्र समजतो. सोप्या भाषेतली प्रत आधी द्या, मग रोज-बिज बोला.

आडवाटेनं
भाषा सोपी असली तरी माझे डोळे साथ देत नाहीत. रात्रपाळीहून येताना मी ऐकतो. मार्क सलग ऐकायला साधारण दीड तास लागतो, माझ्या दोन फेऱ्यांत होतं. प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणारा धन्य आणि ऐकणारेही धन्य म्हटलंय. मग ऐकणाऱ्याला इथे कोणी मोजतच का नाही?

ओलीवाट
मोजायला हवं होतं, माझी चूक. मोठ्यानं वाचा म्हणाले आणि ऐकणाऱ्याला विसरले.

तिसरीघंटा, तुमचा राग मला पूर्ण समजतो, पण तुम्ही जे सांगितलंत ते माझंच म्हणणं आहे. २८ संपवून २९ला येणाऱ्याला हनन्या ठाऊक असतो. दहावं वचन ओलांडल्याशिवाय तो अकराव्यापाशी पोचूच शकत नाही. पाणवठाताई, उद्या त्याच बायकांना चौथ्यापासून अकराव्यापर्यंत तुमच्या आवाजात वाचून पाठवाल का? आठच वचनं आहेत.

पाणवठा
पाठवीन. पण सत्तर वर्षं ऐकून कोणी खचलं तर मी तुम्हाला फोन लावून देणार आहे.

तिसरीघंटा
मला लावून द्या. मी बोलेन त्यांच्याशी.

सरळरेघ
क्रमानं वाचावं हे मान्य. यिर्मयाच्या उदाहरणावर माझ्याकडे उत्तर नाही. 'रोज' हा शब्द मात्र अजून माझ्या घशात अडकतो, आणि तो कोणी जोरानं खाली ढकलू नये.

काल रात्री मार्क उघडला. एक प्रसंगच वाचणार होतो, पण पुढे गेलो. पहिल्या अध्यायात ३५व्या वचनापाशी येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. एकटा. त्याचा शिष्य शिमोन आणि बाकीचे त्याला नंतर शोधत येतात. पेन्सिल नव्हती म्हणून नखानं खूण केली. उद्याचं वचन देत नाही.